शेऱ्यांच्या यादीतला नेमका कोणता शेरा जुळला, हे इंडेक्सकडून कसं काढायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी तुम्ही हळदीच्या लॉटांची नोंद ठेवणारं ब्राउझरमधलं ॲप करताय. प्रत्येक लॉटला ‘शेरे’ नावाचं एक फील्ड आहे आणि ते ॲरे, म्हणजे अनेक मूल्यांची यादी, आहे. दिवाणजी, तोलाईदार, खरेदीदार यांच्यातला जो जे बोलेल ते एकेक वाक्य त्यात जातं. शोधासाठी लुनर ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरलीय. ॲरे जसाच्या तसा दिला तर काही सापडेना, म्हणून तुम्ही सगळे शेरे मध्ये स्पेस घालून जोडले. तरीही मराठी शब्द सापडेनात, म्हणून लुनरची मूळची पाइपलाइन (प्रत्येक शब्द इंडेक्समध्ये जाण्याआधी ज्या पायऱ्यांतून जातो ती साखळी) काढून टाकली आणि प्रत्यय तोडणारं स्वतःचं फंक्शन बसवलं. आता लॉट सापडतो, पण नऊ शेऱ्यांपैकी कोणत्या शेऱ्यामुळे सापडला ते कळत नाही. ‘इन्क्लुड्स’ हे जावास्क्रिप्टचं फंक्शन लावून तो शेरा हुडकायला गेलात की निम्म्या वेळा हाती काहीच लागत नाही. हंगामाला चार हजारांच्या आसपास लॉट आहेत.

सरळ उत्तर असं की इंडेक्सला, म्हणजे शोधासाठी बांधलेल्या शब्दसूचीला, ते माहीतच नाही. शेरे जोडले त्याच क्षणी ती माहिती गेली. पोत्याला चिठ्ठी असते, ढिगाला नसते. दहा शेतकऱ्यांची पोती एका ढिगात ओतल्यावर ‘हे हळकुंड कुणाचं’ असं विचारलं तर अडत्या काय सांगणार? तुम्ही आत्ता ढीग चाळून पोतं ओळखायचा प्रयत्न करताय. त्याला काही मार्ग आहेत आणि ते खाली सांगतो. पण खरा उपाय चिठ्ठीसकट पोतं ठेवण्याचा आहे.

आधी लुनरमध्ये नेमकं काय घडलं ते समजून घ्या. ते समजलं नाही तर पुढचा उपायही चुकीच्या जागी बसेल. लुनरला फील्डमध्ये ॲरे दिला की तो त्यातल्या प्रत्येक घटकाला एक आख्खा टोकन, म्हणजे शोधाचा एक शब्द, मानतो, त्याचे शब्द पाडत नाही. म्हणजे ‘ओल कमी, हळकुंड ठणठणीत’ हे पूर्ण वाक्य एक टोकन झालं. मग ‘ओल’ शोधून ते कसं सापडेल? ही सोय एकशब्दी टॅगांसाठी आहे, वाक्यांसाठी नाही. जोडून दिल्यावर शब्द पडले, पण लुनरच्या पाइपलाइनमध्ये पहिलीच पायरी शब्दाच्या दोन्ही टोकांची विरामचिन्हं छाटणारी आहे, आणि तिची ‘अक्षर’ म्हणजे काय याची कल्पना रोमन लिपीपुरती आहे. देवनागरीतलं एकही अक्षर तिला अक्षर वाटत नाही. ‘हळद’ आत गेली की बाहेर रिकामी स्ट्रिंग येते, आणि रिकामे टोकन लुनर गुपचूप टाकून देतो. एररही येत नाही. तुमच्यासारखे कितीतरी लोक इथेच अडकून ‘लुनर मराठीत चालत नाही’ म्हणून सोडून देतात.

तुम्ही पाइपलाइनच काढलीत हे बरोबर, पण तिच्याबरोबर छाटणीही गेली. लुनर शब्द पाडतो तो फक्त मोकळ्या जागेवर आणि जोडरेषेवर, स्वल्पविरामावर नाही. म्हणजे तुमच्या इंडेक्समध्ये आज ‘राजापुरी’ आणि ‘राजापुरी,’ असे दोन वेगळे शब्द बसलेले असणार. छाटणी स्वतःची लिहा: युनिकोडचे अक्षर, चिन्ह आणि अंक हे तीन वर्ग सोडून बाकी सगळं दोन्ही टोकांनी काढा. ‘चिन्ह’ हा वर्ग विसरू नका. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे त्यात येतात. तो सोडलात तर ‘हळदी’ची ‘हळद’ होईल आणि वरवर बघताना तुम्हाला वाटेल की प्रत्यय छान तुटतायत.

आता ‘इन्क्लुड्स’ का फसतं. ॲरेवरचं इन्क्लुड्स आख्खा घटक बरोबर आहे का एवढंच बघतं, त्यामुळे त्याचा उपयोगच नाही. स्ट्रिंगवरचं इन्क्लुड्स तुकडा शोधतं आणि ते दोन्ही बाजूंनी दगा देतं. कुणी ‘कस’ शोधलं तर ‘रंग एकसारखा’ हा शेरा जुळतो, कारण ‘एकसारखा’च्या पोटात ‘कस’ आहे. उलट कुणी ‘कीड’ शोधली आणि शेरा ‘किडीचा वास’ असा असला तर जुळत नाही. मूळ शब्द दीर्घ, सामान्यरूप ऱ्हस्व, हा आपल्या व्याकरणाचा रोजचा नियम आहे. तुमच्या प्रत्यय तोडणाऱ्या फंक्शनने ‘किडीचा’ आणि ‘कीड’ दोन्ही ‘किड’वर आणले म्हणून इंडेक्सला लॉट सापडला. इन्क्लुड्सला त्या फंक्शनची खबरच नाही. तुमचा निम्म्या वेळचा रिकामा निकाल तिथून येतो. इंडेक्स एका भाषेत बोलतोय आणि पडताळणी दुसऱ्या.

म्हणून पहिला नियम: पडताळणी करायचीच असेल तर इंडेक्सने वापरलेल्या साखळीतूनच करा. निकालात लुनर जुळलेले शब्द देतो. ते तुम्ही टाइप केलेले शब्द नसून इंडेक्समधले, म्हणजे प्रत्यय तुटलेले शब्द असतात. सापडलेल्या लॉटचे नऊ शेरे पुन्हा त्याच टोकनायझरमधून (शब्द पाडणाऱ्या भागातून) आणि त्याच पाइपलाइनमधून काढा आणि बघा कोणत्या शेऱ्यात ते शब्द पडतात. एक बारीक गोष्ट इथे चुकते. तयार इंडेक्सला जोडलेली पाइपलाइन ही शोधाच्या बाजूची असते. इंडेक्स बांधतानाची वेगळी असते. बांधतानाची पाइपलाइन हातात धरून ठेवा, पडताळणीला तीच वापरा. प्रत्यय तोडणारं फंक्शन दोन्हीकडे लावलंय ना, हेही तपासा. आणखी एक: शोधात तारा टाकला, म्हणजे ‘कीड*’ असं लिहिलं, की लुनर तो शब्द पाइपलाइनमधून नेतच नाही. मग ‘कीड’ दीर्घच राहते, इंडेक्समध्ये मात्र ‘किड’ आहे, आणि काही सापडत नाही. तारा हवाच असेल तर शब्द आधी स्वतः तोडून मग तारा लावा.

यापेक्षा नेटका मार्ग जागेच्या हिशोबाचा आहे, आणि तुमच्या आजच्या रचनेत तो एका संध्याकाळी बसेल. इंडेक्स बांधताना लुनरच्या मेटाडेटा व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे निकालात कोणती जादा माहिती द्यायची त्या यादीत, ‘पोझिशन’ टाका. मग निकालात प्रत्येक जुळलेल्या शब्दाची सुरुवात आणि लांबी मिळते, जोडलेल्या स्ट्रिंगमधल्या जागेनुसार. तुम्ही शेरे जोडताना प्रत्येक शेरा कितव्या अक्षरस्थानी सुरू झाला त्याची एक छोटी यादी लॉटबरोबर ठेवा. शब्द १०३व्या स्थानी सापडला, तिसरा शेरा ८८ला सुरू होतो आणि चौथा १२१ला, म्हणजे तो तिसऱ्यात आहे. संपलं. पुन्हा शब्द पाडायला नको, प्रत्यय तोडायला नको. पोझिशन मिळते ती स्ट्रिंग दिल्यावरच. ॲरे दिलात तर लुनर टोकनांना जागाच चिकटवत नाही, म्हणून जोडणं सोडू नका. इंडेक्सचा आकार वाढेल, पण चार हजार लॉटांना ते जड नाही.

एवढं केलं की एकशब्दी शोधाचा प्रश्न सुटेल. पण तुमच्या दुकानात खरा घोळ दोन शब्दांच्या शोधात होणार आहे, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. एका लॉटचे शेरे समजा असे आहेत:

ओल कमी, हळकुंड ठणठणीत
रंग एकसारखा
पोती जुनी, एक फाटकं
चमक जास्त

खरेदीदार म्हणतो, ‘ओल जास्त’ असलेले लॉट वगळायचेत, दाखवा. तुम्ही दोन्ही शब्द सक्तीचे करून शोधता आणि हा लॉट निकालात येतो. ‘ओल’ पहिल्या शेऱ्यात आहे, ‘जास्त’ चौथ्यात. लॉटच्या दृष्टीने दोन्ही शब्द हजर आहेत, इंडेक्सने काहीही चूक केलेली नाही. पण माणसाच्या दृष्टीने निकाल साफ उलटा आहे. कोरडा, ठणठणीत माल ओला म्हणून बाजूला काढला गेला. हायलाइट लावलात तर दोन्ही शब्द पिवळे दिसतील आणि घाईत बघणाऱ्याचा गैरसमज पक्का होईल. जागेच्या हिशोबाच्या मार्गात यावर उतारा आहे: प्रत्येक शेऱ्यात किती शोधशब्द पडले ते मोजा, ज्या लॉटमध्ये एकाही शेऱ्यात सगळे शब्द एकत्र नाहीत तो खाली ढकला किंवा काढून टाका. पण मग लुनरने दिलेला क्रम निरर्थक होतो. तो क्रम लॉटच्या ढिगावर काढलेला आहे, शेऱ्यावर नाही.

हीच गोष्ट सलग शब्दांच्या शोधातही होते, आणि तिचा फटका मी खाल्लाय. तासगाव भागातल्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी मी सोलर या सर्व्हरवरच्या शोध-सॉफ्टवेअरवर शोध बांधला होता. एका लॉटचा एक शेरा ‘पट्टीचा रंग हिरवा’ असा संपत होता आणि पुढचा ‘बेदाणा काळा, वेगळा ठेवला’ असा सुरू होत होता. व्यापाऱ्याने ‘हिरवा बेदाणा’ असं अवतरणात शोधलं. सोलरला दोन्ही शब्द सलग दिसले. माणूस सांगलीहून आला, थंड खोलीतून पेट्या बाहेर काढल्या, उघडल्या, आत काळा माल. त्या दिवशी मला कळलं की बहुमूल्य फील्डमध्ये दोन मूल्यांच्या मध्ये शब्दांच्या क्रमांकात एक उडी ठेवावी लागते. तिला पोझिशन इन्क्रिमेंट गॅप म्हणतात. सोलरच्या नमुना स्कीमात मजकुराच्या फील्डांना ती १०० असते. मी फील्डचा प्रकार स्वतः लिहिताना ती ओळ सोडली होती आणि उडी शून्य राहिली होती. सोलर आणि त्याच्यासारखंच इलास्टिकसर्च, या दोन्हींच्या पोटात असलेल्या ल्युसीन या शोध-लायब्ररीची मूळची उडी शून्य आहे. इलास्टिकसर्च मात्र मजकुराच्या फील्डांना आपणहून १०० लावतो. १०० असली की सलग शब्दांचा शोध एका शेऱ्यातून दुसऱ्यात शिरत नाही.

या उडीचा आणखी एक उपयोग आहे. ल्युसीनवर थेट काम करणाऱ्यांना तो कामी येतो, तुम्हाला आज नाही, पण सांगून ठेवतो. लॉटच्या सगळ्या शेऱ्यांतले शब्द मिळून जितके होतील त्यापेक्षा उडी मोठी ठेवली, समजा १०००, तर सापडलेल्या शब्दाच्या क्रमांकाला १०००ने भागून येणारा पूर्णांक हाच शेऱ्याचा शून्यापासून मोजलेला क्रमांक. एकूण शब्द हजाराच्या आत आहेत तोवर हे गणित चुकत नाही. रिकामे शेरे मात्र आधीच गाळा, नाहीतर मोजणी सरकू शकते. हे चतुर आहे, वेगवानही आहे, पण सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात कोड गेला की हा भागाकार कशासाठी आहे ते कुणाला कळत नाही. म्हणून मी ते टाळतो.

मी काय करतो ते सांगतो. शेरा हेच शोधाचं एकक धरतो. प्रत्येक शेरा इंडेक्समध्ये स्वतंत्र छोटा दस्तऐवज म्हणून जातो. त्यात शेऱ्याचा मजकूर, शेऱ्याची स्वतःची ओळख आणि तो कोणत्या लॉटचा त्याचा क्रमांक. शोध शेऱ्यांवर होतो, निकालात शेरे येतात, मग लॉटनुसार त्यांची गट्टी बांधून पडद्यावर लॉट दाखवायचा आणि त्याखाली जुळलेला शेरा. तुमच्या चार हजार लॉटांचे नऊच्या हिशोबाने छत्तीस हजार छोटे दस्तऐवज होतात. आकडा मोठा वाटतो, पण एकेक दस्तऐवज पाच-सहा शब्दांचा आहे आणि एकूण शब्द पूर्वीइतकेच आहेत. ‘ओल जास्त’चा घोळ इथे मुळातच उद्भवत नाही. दोन्ही शब्द एकाच शेऱ्यात असले तरच तो शेरा येतो. ‘कोणता जुळला’ हा प्रश्नही विचारावा लागत नाही, कारण जो आला तोच जुळला.

गट्टी बांधताना लॉटचा गुण काय धरायचा, यावर थोडा विचार करा. पहिल्यांदा सगळे जण शेऱ्यांच्या गुणांची बेरीज करतात, आणि मग ज्या लॉटवर जास्त बडबड झालेली असते तो वर येतो. मी सर्वांत जास्त गुण मिळवलेल्या शेऱ्याचाच गुण लॉटला देतो. दोन लॉट सारखे पडले तर ज्याचा जुळलेला शेरा ताजा तो वर. अडत दुकानात कालचा शेरा महिन्यापूर्वीच्या शेऱ्यापेक्षा खरा असतो. ओल तर दर आठवड्याला बदलते.

एक मर्यादाही सांगायला हवी. कधी खरेदीदाराला ‘राजापुरी’ एका शेऱ्यात आणि ‘कोरी पोती’ दुसऱ्या शेऱ्यात असलेला लॉटच हवा असतो. तेव्हा दोन शोध वेगवेगळे करून दोन्हींत आलेले लॉट घ्या. पडद्यावर त्यासाठी दुसरी चौकट द्या. एकाच चौकटीतून दोन्ही अर्थ काढायला गेलात की वापरणाऱ्याला काय मिळेल याचा भरवसा राहत नाही.

आता लायब्ररीचा प्रश्न. लुनरचा इंडेक्स एकदा बांधला की बदलता येत नाही. तुमच्याकडे सौद्याच्या दिवशी मिनिटागणिक शेरे पडणार, दर वेळी सगळा इंडेक्स पुन्हा बांधणार का? या कारणासाठी मी तुम्हाला मिनीसर्च घ्या म्हणेन. त्यात दस्तऐवज टाकता, काढता, बदलता येतो. शब्द पाडताना तो युनिकोडच्या विरामचिन्हांवर आणि मोकळ्या जागांवर तोडतो, मात्रांना हात लावत नाही, त्यामुळे मराठी पहिल्या दिवसापासून चालतं आणि स्वल्पविरामाची कटकटही जाते. निकालात कोणता शब्द कोणत्या फील्डमध्ये जुळला हेही मिळतं. फील्डपर्यंतच, ॲरेतल्या घटकापर्यंत नाही, म्हणून शेरा वेगळा दस्तऐवज करणं इथेही चुकत नाही. दोन शब्द दिले की मिनीसर्च मुळात ‘यापैकी कोणताही’ असं धरतो, ते ‘दोन्ही’ करून घ्या. प्रत्यय तोडणारं तुमचं फंक्शन त्याच्या शब्द-प्रक्रियेच्या जागी जसंच्या तसं बसतं.

फ्यूज या लायब्ररीचं नाव तुम्ही कुठेतरी वाचलं असणार, कारण तुमच्या मूळ प्रश्नाचं शब्दशः उत्तर त्याच्याकडेच आहे. जुळण्या मागवल्या की तो जुळलेलं मूल्य आणि ॲरेतला त्याचा क्रमांक, ‘रेफइंडेक्स’ नावाने, सरळ देतो. शे-दोनशे नोंदींच्या छोट्या यादीसाठी मी ते खुशाल वापरेन. पण तो इंडेक्स बांधून शब्द शोधत नाही, प्रत्येक मूल्यावरून अंदाजे जुळणी करत जातो. प्रत्ययांची जाण नाही, आणि दोन-तीन अक्षरांच्या मराठी शब्दांत अंदाजाला फार जागा उरत नाही. ‘ओल’ आणि ‘ओळ’ यांच्यात एकाच अक्षराचा फरक आहे. शिवाय मूळ मांडणीत तो जुळणी मजकुराच्या सुरुवातीजवळच अपेक्षित धरतो. लांब शेऱ्याच्या शेवटी असलेला शब्द त्यामुळे सुटतो. जागा दुर्लक्षित करण्याचा पर्याय चालू केला तरच तो सापडतो.

पुढे मोबाइल ॲप करणार असाल तर एसक्यूलाइट या डेटाबेसमधली एफटीएस५ ही मजकूर-शोधाची सोय वापरा. तिथेही तीच रचना, शेऱ्यागणिक एक ओळ, लॉट क्रमांकाचा रकाना शोधातून वगळलेला. त्याच्या नेहमीच्या युनिकोड टोकनायझरमध्ये एक खड्डा आहे. तो अक्षरं आणि अंक शब्दाचे भाग मानतो, पण मात्रांचे चिन्हवर्ग मानत नाही. ‘किडीचा’ या शब्दाचे तीन तुकडे होतात, क, ड आणि च. शोधातही तेच तुकडे होत असल्याने बऱ्याचदा काहीतरी सापडतं आणि सगळं ठीक वाटतं, पण ‘काडीचा’ आणि ‘किडीचा’ त्याला सारखे दिसतात. टेबल तयार करतानाच टोकनायझरच्या वर्गांत दोन्ही चिन्हवर्ग जोडा. नंतर जोडायचे म्हटले तर टेबल पुन्हा भरावं लागतं.

सर्व्हरवर इलास्टिकसर्च असेल तर शेऱ्यांसाठी ‘नेस्टेड’ प्रकार घ्या आणि शोधाबरोबर ‘इनर हिट्स’ मागवा. आतल्या आत तो प्रत्येक शेऱ्याचा लपलेला वेगळा दस्तऐवजच करतो, म्हणजे वर सांगितलं तेच तो तुमच्यासाठी करून देतो. इनर हिट्स मुळात तीनच देतो, जास्त हवे तर सांगावं लागतं. एक शेरा बदलला तरी लॉटचा सगळा गठ्ठा पुन्हा इंडेक्स होतो हेही लक्षात ठेवा. साध्या मजकूर-ॲरेवर हायलाइट मागवून तुकड्यांची संख्या शून्य ठेवली, तर जुळलेली मूल्यं आख्खी परत मिळतात. सोलरमध्ये ‘प्रिझर्व्ह मल्टी’ बंद असताना जुळलेलीच मूल्यं येतात, चालू केलं तर सगळी येतात. दाखवण्यापुरते हे मार्ग ठीक आहेत, पण ‘ओल जास्त’चा घोळ त्यांनी सुटत नाही.

मराठीची काळजी शब्द पाडण्यावर संपत नाही. ‘शेतकऱ्याचा’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणाचा कीबोर्ड त्यातला अर्धा र हा ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराने करतो, कुणाचा साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, इंडेक्सला दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’चंही तसंच. तो एकसंध अक्षर म्हणून येतो किंवा ‘अ’वर चंद्र ठेवून येतो. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण या दोन्ही जोड्या एक करत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं. करा ते इंडेक्सला देण्याआधी आणि शोधशब्दावरही. पण मूळ मजकूर वेगळा जपून ठेवा. सामान्यीकरणात अक्षरसंख्या बदलते आणि जागेच्या हिशोबाने हायलाइट करत असाल तर रंग एक घर सरकून चुकीच्या अक्षरावर बसतो.

रंगाबद्दल इतकंच: तुकडा पूर्ण अक्षरावरच तोडा. ‘हळदीत’ या शब्दात ‘हळद’पर्यंत पिवळं करून पुढे टॅग बंद केलात तर वेलांटी एकटी पडते आणि काही ठिकाणी तिच्याजागी ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. ब्राउझरमधला ‘सेगमेंटर’ अक्षरांच्या सीमा सांगतो. मी तर आख्खा शब्दच रंगवतो. वाचणाऱ्याला तेच बरं पडतं.

प्रत्यय तोडताना काही शब्द एकमेकांत मिसळणारच. ‘पोतं’, ‘पोत्यात’ यांचं मूळ ‘पोत’ धरलंत की ‘पोत चांगला’मधला पोतही त्यात येतो. ‘ओला’ आणि ‘ओल’ एक होतात, ते उलट फायद्याचंच आहे. अशी मिसळ पूर्ण टाळायला जाऊ नका. शेरा समोर दिसतो म्हटल्यावर माणूस एका नजरेत ठरवतो. त्यासाठीच मी म्हणतो की जुळलेला शेरा पडद्यावर आलाच पाहिजे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि माल इथला की परपेठेचा हा प्रश्न व्यवहारात येतो. कुणी ‘सांगली’ शोधलं आणि लॉट सापडला तो ‘सांगलीचा माल नाही, परपेठ’ या शेऱ्यामुळे, तर? नकार कोणताही शब्दशोध समजत नाही. शेरा दाखवला नाहीत तर परपेठेचा माल स्थानिक म्हणून बोलला जाईल, आणि त्यात शेतकऱ्याचंही नुकसान आहे, अडत्याचंही.

शेवटी ओळखीबद्दल, कारण तुम्ही रचना बदलणारच आहात. शेऱ्याची ओळख म्हणून ॲरेतला क्रमांक वापरू नका. दिवाणजींनी दुसरा शेरा खोडला की तिसरा दुसरा होतो, आणि इंडेक्समधला ‘लॉट ४१२, शेरा ३’ आता भलत्याच वाक्याकडे बोट दाखवतो. शेरा पडतो त्याच वेळी त्याला कायमचा नंबर द्या, खोडला तरी तो नंबर दुसऱ्याला देऊ नका. जुन्या नोंदींना एकदाच नंबर पाडून घ्या आणि मग इंडेक्स बांधा. नव्या इंडेक्सवर पहिले दोन-चार दिवस दिवाणजींना शेजारी बसवा, त्यांच्या तोंडून येतील ते शब्द शोधा. ‘पेवातला’, ‘कणी’, ‘जाड गड्डा’ असे शब्द तुमच्या चाचणीच्या यादीत आधी नसतील. ज्या शब्दाला शेरा यायला हवा होता आणि आला नाही, तो शब्द तिथल्या तिथे लिहून घ्या. प्रत्यय तोडणाऱ्या फंक्शनची पुढची दुरुस्ती त्या यादीतूनच निघेल.